वाळवणावरचं फडकं

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याने आपणहून कोथिंबीर जास्त टाकली की मी मेथीची जुडी उलटी करून बघते. डॉक्टर हसून बोलले की मला वाटतं, रिपोर्ट वाईट आलाय. आमचे हे म्हणतात, "तू मास्तरीण कशाला झालीस, पोलिसांत जायचंस." म्हणोत बापडे. हा स्वभाव मी जन्माला येताना घेऊन आले नव्हते. तो मला एका उन्हाळ्यात जडला, आणि दर वर्षी वाळवणाचे दिवस आले की तो पुन्हा डोकं वर काढतो.

गेल्या आठवड्यात गच्चीवर कुरडया घातल्या. ठाण्यात बाळकुमला आमची ही नवी इमारत, समोर अजून थोडी शेतं उरलीत, गच्ची ऐसपैस. खाली जुनी साडी अंथरली, सोऱ्या फिरवून फिरवून दंड भरून आले, आणि शेवटची कुरडई पडली न पडली तोच मी वर पांढरं फडकं पसरलं, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. शेजारची नवी सून कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "काकू, झाकता कशाला? ऊन कसं लागणार?"

आता हिला काय सांगू! मी खाडीच्या दिशेला बघितलं. तिकडे चिमणी नाही, धूर नाही. चिमणी होती ती इथून चांगली लांब, डोंबिवलीला, आणि तीही बंद पडून वर्षं झाली. पण हात ऐकतात का?

आमची चाळ डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. रस्ता संपायचा तिथे कोळशावर चालणारं वीजघर. त्याचं नाव लिहीत नाही. कोण कुठे बसलंय आणि कुणाला काय लागेल, सांगता येत नाही. चाळीतल्या निम्म्या घरांतली माणसं तिथेच कामाला, आमचे अण्णा बॉयलरवर. ड्यूटीवरून आले की मोरीत आधी नाक शिंकरायचे, आणि ते पाणी काळं जायचं. मग चहा. ते काळं पाणी बघितल्याशिवाय मला अण्णा घरी आल्यासारखं वाटायचं नाही.

होळी झाली की वाळवणं सुरू. गव्हाच्या चिकाचा आंबूस वास, शिजलेल्या घाटाची वाफ, पोह्याच्या पापडांच्या लाट्या पळवणारी पोरं. सकाळी वारा नसायचा, तेव्हा धूर सरळ वर जायचा. दुपारी खाडीवरून वारा सुटला की धूर वाकायचा आणि थेट आमच्यावर यायचा. बारीक काळे कण, चुरचुरीत. ओल्या कुरडईवर बसले की निघायचे नाहीत. त्याला आम्ही नुसतं 'काळं' म्हणायचो. आणि काळ्यावर बायकांनी उपाय काढलेला: पहारा. रोज एकीने जिन्याच्या पायरीवर बसायचं आणि चिमणीवर नजर ठेवायची. धूर वाकताना दिसला की तिने जीव खाऊन ओरडायचं, "काळं आलं गंऽऽ!" की अख्ख्या चाळीतून बायका फडकी घेऊन धावत सुटायच्या. कुणाचा घाट चुलीवर करपायचा, कुणाचा पदर दारात अडकायचा. पहाऱ्याला बसायला पोरींमध्ये भांडणं व्हायची, कारण मोठ्या बायकांना पळायला लावायची अशी संधी एरवी कुठे मिळते?

फक्त एकीला तिथे कधी बसू दिलं नाही. माझी धाकटी बहीण मंदा. तिला दमा. वारा सुटायच्या वेळेला आई तिला आतल्या खोलीत घ्यायची, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबायची आणि दार लावायची. बाहेर आमचा आरडाओरडा चाललेला असायचा, आणि आत मंदाच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत असायची. मंदा तेव्हा बारा वर्षांची. तो आवाज ऐकला की मला वीजघर पेटवून द्यावंसं वाटायचं. मग आठवायचं की ते पेटवायचाच तर अण्णांना पगार मिळतो.

त्या उन्हाळ्यात बातमी आली की सरकार कोळशाच्या चिमण्यांसाठी कडक कायदा करणार. राख अडवणारं यंत्र बसवा, नाहीतर चिमणी बंद ठेवा. त्याआधी मुंबईहून एक समिती येणार आणि धुराखाली राहणाऱ्यांचं म्हणणं ऐकणार. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, सायन्सला. मला वाटलं, झालं! आता मंदाची छाती मोकळी होणार.

आमच्याकडे बाबूराव म्हणून युनियनचे पुढारी होते. पांढरे कपडे, आणि त्यावर काळ्याचा एक कण कधी दिसायचा नाही, यावरूनच मला तेव्हा शंका यायला हवी होती. सकाळी ते चाळीच्या अंगणात आले. खुर्चीवर उभे राहून म्हणाले, "आयाबहिणींनो, हा धूर आपल्या लेकरांच्या छातीत जातोय! कायदा झालाच पाहिजे!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. आईनेही वाजवल्या. संध्याकाळी अण्णा गेट मीटिंगहून आले ते गप्प. जेवताना बोलले, "बाबूराव म्हणाले, कायदा झाला तर मालक यंत्र बसवणार नाही, टाळं लावेल. युनियन हा कायदा होऊ देणार नाही म्हणे."

"अहो, सकाळी तर इथे म्हणाले, झालाच पाहिजे!" आई म्हणाली.

"सकाळी इथे बायका होत्या. संध्याकाळी तिथे आम्ही."

मी तावातावाने म्हटलं, "अण्णा, पण तुम्हाला काय वाटतं? मंदाकडे बघा तरी!"

अण्णांनी मंदाकडे बघितलं नाही. ताटाकडे बघत म्हणाले, "नोकरी गेली तर तिचं औषध कशातून आणू, ते सांग." मंदा समोरच बसलेली. तिने भात तसाच ठेवला आणि उठून गेली. मला वाटलं, दम लागला असेल.

फडक्यांची कल्पना माझी. समितीपुढे नुसतं रडून काय होणार, पुरावा पाहिजे, असं मला सायन्सने शिकवलेलं. मी जुनी धोतरं जमवली, सारख्या मापाचे तुकडे फाडले आणि घरोघर वाटले. आठ दिवस वाळवणावर हेच पसरा, म्हटलं, आणि आठ दिवस याला पाणी लावू नका. जसं असेल तसं समितीपुढे न्यायचं. प्रत्येक घरी मी हेच सांगत होते, "आमच्या मंदासाठी एवढं कराच." मंदा कधी कधी माझ्या मागे उभी असायची. बायका तिच्याकडे बघून च्यक् च्यक् करायच्या, तिच्या केसांवरून हात फिरवायच्या, फडकं घ्यायच्या.

खाडीकाठच्या कोळीवाड्यातून हिराबाई सुकट विकायला यायची. तिनेही एक तुकडा मागून घेतला. तिच्या सुकवलेल्या जवळ्यावर काळं बसायचं, आणि गिऱ्हाईक नाक मुरडायचं. "मना बी दे गो," म्हणाली, "मी सायबाला सांगतंय, काला जवला तूच खा."

आठ दिवसांत फडकी काय झाली होती म्हणून सांगू! करडी, मग काळपट, मधे मधे ठिपक्यांची दाट गर्दी. मी रोज संध्याकाळी फेरी मारून बघायची आणि मनात खूश व्हायची. आमच्या घरचं तर सगळ्यांत काळं. मी अण्णांना मुद्दाम दाखवलं. ते म्हणाले, "हं." बस, एवढंच.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. टेबलापलीकडे दोन अधिकारी आणि एक आमदार. आमदार लांबचे, विदर्भातल्या कोळसा खाणींच्या मुलखातले. मी उठले, धुराबद्दल बोलले आणि म्हटलं, "आता या बायका पुरावा देतील."

बायका एकेक करून पुढे आल्या. पिशवीतून घडी काढली, उलगडली. पहिलं फडकं पांढरंशुभ्र. दुसरंही पांढरं, त्याला तर नीळ दिलेली. तिसऱ्याला खळ! मी हिराबाईला धरलं, "अगं, धुवू नका म्हणून सांगितलेलं ना मी?"

ती उलट माझ्यावरच डोळे वटारून म्हणाली, "आगो, सायबाच्या हातान मलकं फरकं कसं देवाचं? मानसा काय म्हंतील?"

मळकं फडकं साहेबाला कसं द्यायचं, सगळ्यांचं हेच. शिंदेकाकू म्हणाल्या, आठ दिवस धीर धरला गं, पण घराबाहेर न्यायचं म्हटल्यावर मला राहवेना. लोक म्हणतील या घरच्या बायका घाणेरड्या. चारपाच फडकी तेवढी काळी राहिलेली. ती बघून एक अधिकारी म्हणाला, "ही स्वयंपाकघरातली मसोती असतील." हॉलमध्ये हशा पिकला. मग आईची पाळी आली. मला खात्री होती, आईने तरी धुतलं नसेल. तिने पिशवीत हात घातला, माझ्याकडे न बघता घडी टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उलगडली. पांढरं. नुसतं पांढरं नाही, कडक इस्त्री केलेलं.

त्या इस्त्रीनेच माझ्या डोक्यात किडा सोडला. आई आयुष्यात कधी फडक्याला इस्त्री करणारी बाई नव्हे. आमच्याकडे कोळशाची पितळी इस्त्री होती, ती फक्त अण्णांच्या लग्नाकार्याच्या शर्टासाठी निघायची. निखारे फुलवा, फुंका, राख झाडा, एवढा खटाटोप धोतराच्या तुकड्यासाठी? बाकीच्या बायकांनी लाजेखातर धुतलं, ते मी मानते. पण हे लाजेचं काम नव्हतं. हे ठरवून केलेलं होतं.

बाहेर चहाचे कप वाटत होते. ते खाणींच्या मुलखातले आमदार माझ्याजवळ आले. मी रडकुंडीला आलेली. म्हणाले, "पोरी, धूर मला दिसत नाही असं समजू नकोस. माझ्या गावात तर तो जमिनीतूनच वर येतो. माझी आई खोकून खोकून गेली. पण मला निवडून देणारे त्याच कोळशावर जगतात. मी या कायद्याला हो म्हटलं की पुढच्या वेळी ते मला नाही म्हणतील. आणि मी नाही म्हणावं असं तुझ्याच चाळीतल्या निम्म्या घरांना वाटतंय, विचार हवं तर." एवढं बोलून त्यांनी कपातला चहा बशीत ओतला आणि शांतपणे प्यायले. बाबूरावांच्या गोड बोलण्याची मला भीती वाटली नव्हती. या माणसाच्या खरं बोलण्याची वाटली. त्या दिवसापासून कुणी फार खरं बोलायला लागलं की मी सावध होते.

कायदा झाला नाही. म्हणजे नाही असंही कुणी म्हटलं नाही. अहवाल आला, मग अहवालावर अहवाल, मग निवडणुका. बाबूरावांनी पुन्हा खुर्चीवर उभं राहून सांगितलं की लढा चालूच आहे. आणि फडकी धुवायला कुणी लावलं, याच्या शोधाला मी लागले. चाळीतल्या प्रत्येक माणसाकडे बघून वाटायचं, हा कायदा बुडवणाऱ्यांतला. शिंदेकाकूंच्या नवऱ्याला त्याच महिन्यात सोपी ड्यूटी कशी मिळाली? हिराबाई बाबूरावांच्या घरी जवळा का देऊन आली? अण्णा आईशी मोरीजवळ हळू आवाजात काय बोलतात? मी आत गेले की दोघं गप्प का होतात? एकदा संशयाची सवय लागली की पुरावे काय, अंगणात पडलेलेच असतात. उचलायचे फक्त.

पुढे एकदा, माझं लग्न ठरलेलं तेव्हा, आईशी कशावरून तरी खटका उडाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तूच धुतलंस ते फडकं! अण्णांच्या नोकरीसाठी पोटच्या पोरीचा श्वास विकलास!"

आई गव्हातले खडे निवडत होती. हात थांबला. म्हणाली, "हो. मीच धुतलं. झालं समाधान? आता गप बस."

समाधान कसलं! पण खटला मिटला माझ्यापुरता. आईला मी दोषी ठरवलं आणि वर्षानुवर्षं तसंच ठेवलं. सणावाराला जायची, हसायची, बोलायची. पण तिने कुरडयांचा डबा दिला की माझ्या मनात यायचं, हेच ते हात. वीजघर पुढे आपोआपच बंद पडलं, यंत्रं जुनी झाली म्हणून. जिच्यासाठी कायदा अडला ती नोकरी तशीही गेलीच. अण्णा गेले. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या शेवटच्या आजारपणात मी तिच्या उशाशी बसले, पाय चेपले, सगळं केलं. फक्त ते एक वाक्य मागे घेतलं नाही.

परवा मंदा आली. तिला कल्याणजवळ मोहन्याला दिलेली. पर्समध्ये पंप असतो, जिना चढून आली की दोन फुसकारे घेते, मग बोलते. टीव्हीवर बातम्या लागलेल्या. कुठल्याशा परक्या शहरात जगभरचे पुढारी जमलेत, पृथ्वी तापतेय म्हणे, सगळ्यांनी धूर कमी करायचा करार करायचा. आणि कोण्या देशाचा, कोळशाच्या मुलखातला खासदार सांगत होता की आमच्या लोकांच्या पोटाचं काय. मी म्हटलं, "बघ, आता हेही फडकी धुऊन आणणार." आणि सवयीने पुढचंही बोलले, "आपल्या आईसारखी."

मंदा गच्चीवर चल म्हणाली. कुरडयांजवळ उकिडवी बसली. फडक्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, "ताई, ते आईने नव्हतं धुतलं. मी धुतलेलं."

मी तिच्याजवळ खाली बसले.

"सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी, आईने ते घडी करून आत ठेवलेलं. तुम्ही सगळ्या बाहेर धावाधाव करत होता तेव्हा. सोडा घालून खसाखसा घासलं. पण रात्रीतून वाळेना. पहाटे आईच्या लक्षात आलं. काही बोलली नाही गं, इस्त्री काढली आणि वाळवून दिलं मला. म्हणाली, ताईला यातलं काही कळता कामा नये, तू लहान आहेस, तुला आयुष्यभर बोलेल ती."

"पण का, मंदे? मी तुझ्यासाठीच तर..."

"तेच ना!" ती एकदम चिडून म्हणाली. "घरोघर तू तेच सांगत होतीस. मंदासाठी, मंदासाठी. वीजघराला टाळं लागलं असतं तर अख्खी चाळ काय म्हणाली असती? मंदामुळे. अण्णा काय म्हणाले ते मी समोर बसून ऐकलेलं. मला कुणाची नोकरी घालवायची नव्हती. मी बारा वर्षांची होते गं."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. लाज वाटली. आईची इतकी आठवण आली की छातीत दुखलं. बाबूराव, अण्णा, हिराबाई, शिंदेकाकू, आमदार, आई, सगळ्यांकडे मी त्या उन्हाळ्यात डोळे बारीक करून बघितलं. जिच्यासाठी बघत होते तिला एक प्रश्न विचारला नव्हता. तो आता, इतक्या वर्षांनी विचारला.

"मंदे, तुला काय हवं होतं तेव्हा?"

तिने खरंच विचार केला. मग जरा लाजून म्हणाली, "मला पायरीवर बसायचं होतं. तुमच्यासारखं. ते ओरडायचं होतं एकदा. मला कायम आत कोंडायचात."

एवढं बोलून ती उठली. कठड्यापाशी गेली, खाडीकडे तोंड केलं. छातीत भरेल तेवढी हवा भरून घेतली, मधेच अडखळली, पुन्हा भरली. आणि सगळा जीव गोळा करून ओरडली, "काळं आलं गंऽऽ!"

कपडे गोळा करणारी शेजारची सून दचकून बघायला लागली. आभाळ लख्ख होतं. आणि मी, पन्नाशीकडे झुकलेली बाई, फडक्याचे कोपरे दाबायला धावत सुटले.